काश्मीरात बर्फ पडला की निफाडच्या बागेत काय बघायचं?



'पश्चिमी झंझावात आला, काश्मीर-हिमाचलात बर्फवृष्टी' अशी बातमी आली की आपल्याला फोन सुरू होतात, "सर, पाऊस आहे का?" प्रश्न बरोबर आहे, पण अर्धाच. हा झंझावात द्राक्षबागेला दोनदा त्रास देतो. एकदा येताना आणि एकदा गेल्यावर.

आधी तो आहे काय ते बघू. गरम आणि थंड हवा समोरासमोर आली तर लगेच मिसळत नाही. थंड हवा जड असते. ती पाचरीसारखी खाली घुसते, गरम हवा वर ढकलली जाते आणि तिथे ढग तयार होतात. या दोन हवांच्या सीमेला फ्रंट म्हणतात. भूमध्य समुद्राकडे तयार झालेले कमी दाबाचे पट्टे वरच्या पश्चिमी वाऱ्यांबरोबर इराण, अफगाणिस्तान, पाकिस्तान ओलांडत हिमालयावर येऊन धडकतात. हिवाळ्यात महिन्याला साधारण चार ते सहा. खरा फ्रंट नाशिकपर्यंत सहसा पोचत नाही. आपल्याला लागतो तो त्याच्या शेपटीचा फटका, आणि तो वाऱ्याच्या दिशेतून कळतो.

झंझावात जवळ येतो तसा उत्तरेचा कोरडा वारा मंदावतो. वारा दक्षिणेकडून किंवा पूर्वेकडून येऊ लागतो, सोबत समुद्राची ओल आणतो. ढग येतात, रात्रीचं तापमान वाढतं. थंडी कमी झाली म्हणून आपल्याला बरं वाटतं, पण भुरीलाही तेच मानवतं.

इथे एक फरक नीट लक्षात घ्या, कारण खर्च इथेच वाया जातो. भुरीला पान ओलं व्हायची गरज नसते. ढगाळ, दमट हवा आणि दाट कॅनॉपी एवढं पुरतं. डावणीला मात्र पान काही तास ओलं राहावं लागतं. म्हणून नुसते ढग दिसले की डावणीची महागडी फवारणी काढायची, हे मला पटत नाही. पहाटे बागेत जा, पानाला हात लावा. पानं ओली आहेत का आणि किती वाजता सुकतात ते बघा. कोरडी असतील तर आधी भुरीकडे लक्ष द्या. पाऊस झाला किंवा दव उशिरापर्यंत टिकलं, तर डावणीत एक दिवसाचीही चालढकल नको. निर्यातीच्या बागेत औषध निवडताना काढणीपूर्व कालावधी बघाच, रेसिड्यूत माल अडकला तर फवारून वाचवलेलं हातचं जातं.

समुद्राची ओल भरपूर असली आणि वरून झंझावाताची थंड हवा आली, तर गारपीट होते. 26 नोव्हेंबर 2023 ला निफाड तालुक्यात जे झालं ते असंच होतं. 2014 च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट तर सगळ्यांनाच आठवते. विजांसाठी 'दामिनी' ॲप मोबाईलमध्ये ठेवा आणि हवामान विभागाचा जिल्ह्याचा इशारा रोज बघा. फिरत आलेल्या जुन्या व्हिडिओवर जाऊ नका.

आता दुसरा त्रास. झंझावात पुढे सरकला की आकाश निरभ्र होतं आणि उत्तरेचा कोरडा, गार वारा सुटतो. ढगांचं पांघरूण नसल्याने रात्री जमिनीची ऊब निघून जाते, पारा एक-दोन रात्रींत झपकन खाली येतो. गव्हाला आणि हरभऱ्याला ही थंडी मानवते, द्राक्षाला नाही. मण्यांची फुगवण थांबते, मुळी सुस्तावते. पाणी उतरलेल्या बागेत मणी तडकायची भीती असते. पांढऱ्या जातीत दिवस-रात्रीच्या तापमानातला फरक वाढला की पिंक बेरी दिसते. पेपर लावायचा असेल तर तो थंडी पडायच्या आधीच लावून व्हायला हवा.

अशा वेळी विहिरीचं पाणी हवेपेक्षा उबदार असतं, म्हणून पहाटे ठिबक चालवा. पण थोडं थोडं. पाणी उतरलेल्या बागेत एकदम भरपूर पाणी सोडलं तर मणी जास्तच तडकतात. बांधाच्या कडेला शेकोटी करून धूर धरणारे पुष्कळ आहेत. वारा पडलेला असेल तर त्याचा उपयोग होतो, वारा असेल तर धूर शेजाऱ्याच्या बागेत जातो.

वारा उत्तरेकडे फिरला आणि आकाश मोकळं झालं, की पुढच्या दोन रात्री जपायच्या आहेत असं समजा.

ज्यांच्या बागेत सध्या पाणी उतरतंय त्यांनी छाटणीची तारीख, जात आणि पहाटे पानं किती वाजता सुकतात एवढं याच नंबरवर कळवा. त्यावरून फवारणीचं बोलू.

– आपला कृषी सल्लागार