परिषदेतील वार्ता गावापर्यंत : मोबाईलवरील संदेशगटाचा शिस्तबद्ध उपयोग

खरिपाची सुगी आटोपली की कृषि प्रदर्शने, परिसंवाद व परिषदा यांचा हंगाम सुरू होतो. नागपूरचे 'ॲग्रोव्हिजन', मोशीचे 'किसान', बारामतीचे 'कृषिक' यांसारख्या ठिकाणी गावागावांतून गाड्या भरून लोक जातात. याखेरीज राहुरी, अकोला, परभणी व दापोली या चार कृषि विद्यापीठांची संयुक्त संशोधन बैठक दरवर्षी भरते आणि तीत नवे वाण, नवी अवजारे व लागवडीच्या शिफारशी यांना मान्यता देण्यात येते. अशा ठिकाणी गावातून एक-दोघेच जाऊ शकतात, बाकीचे शंभर घरी राहतात. जो गेला त्याने काय पाहिले, काय ऐकले, हे घरी राहिलेल्यांपर्यंत पूर्वी पोचतच नसे, किंवा पोचेपर्यंत पेरणीची वेळ टळून गेलेली असे. आता प्रत्येकाच्या खिशात मोबाईल आहे. तेव्हा ही अडचण दूर झाली असे वरवर वाटते. परंतु प्रत्यक्षात वार्तेऐवजी गोंधळच गावात पोचतो असे पुष्कळदा आढळून येते. तो का होतो व कसा टाळावा, याचा विचार येथे करावयाचा आहे.

सभेच्या ठिकाणाहून तत्काळ संदेश पाठविण्याची प्रथा फार जुनी नाही. अमेरिकेतील ऑस्टिन शहरी मार्च २००७ मध्ये 'साउथ बाय साउथवेस्ट' हे संमेलन भरले असता ट्विटर या नव्या माध्यमाच्या चालकांनी सभागृहांबाहेर मोठे पडदे लावले व प्रतिनिधींचे संदेश त्यांवर दाखविले. कोणत्या दालनात काय चालले आहे हे सर्वांस बसल्या जागी कळू लागले, आणि तेथील दैनिक संदेशांची संख्या वीस हजारांवरून साठ हजारांवर गेली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये क्रिस मेसिना यांनी एका विषयाचे संदेश एकत्र सापडावेत म्हणून शब्दाआधी विशिष्ट खूण लावण्याची सूचना केली. तीच आजची 'हॅशटॅग' होय. ट्विटरचे नाव २०२३ च्या जुलैपासून 'एक्स' झाले आहे. मोठ्या शहरांतील व्यावसायिक मंडळी आपापसांतील कामासाठी 'स्लॅक' सारखी साधने वापरतात. आपल्याकडे मात्र व्हॉट्सॲपचा गट हाच सर्वांच्या हाती आहे, आणि आपल्या कामास तो पुरेसा आहे.

या बाबतीत आपल्याच प्रांतातील एक जुना प्रयोग आठवावा असा आहे. १९५६ साली आकाशवाणीच्या पुणे केंद्राने तत्कालीन मुंबई राज्याच्या पाच जिल्ह्यांतील सुमारे दीडशे गावांत युनेस्कोच्या साहाय्याने शेतकऱ्यांची रेडिओ श्रोतृमंडळे स्थापन केली होती. मंडळी एकत्र बसून कार्यक्रम ऐकत, त्यावर चर्चा करीत आणि आपल्या शंका केंद्राकडे लिहून कळवीत. नुसते ऐकण्यापेक्षा उलट प्रश्न विचारण्याची सोय हेच या प्रयोगाचे मर्म होते. आजच्या संदेशगटात ही सोय कितीतरी पटीने सुलभ आहे. पण तिचा उपयोग आपण क्वचितच करतो. गटात प्रश्न थोडे असतात व 'शुभ सकाळ'ची फुले फार.

तेव्हा कामास आरंभ परिषदेच्या आधी आठ दिवस करावा. गावातील नेहमीच्या गटात हे काम करू नये. केवळ या परिषदेपुरता स्वतंत्र गट काढावा, त्याला परिषदेचे नाव व वर्ष द्यावे आणि त्यात जाणारे प्रतिनिधी व घरी राहणारे पण प्रत्यक्ष शेती करणारे एवढेच घ्यावेत. मग घरच्या मंडळींकडून प्रश्न मागवावेत. 'मक्यावर नवीन काय?' हा प्रश्न निरुपयोगी आहे. 'आमच्या हलक्या जमिनीत उशिरा पेरलेल्या मक्यावर लष्करी अळी पोंग्यात शिरल्यावर फवारणीचा उपयोग होतो काय?' हा प्रश्न घेऊन गेलेला प्रतिनिधी योग्य दालन शोधतो आणि योग्य माणसाला गाठतो. प्रश्न वहीत उतरवून त्यांना क्रमांक द्यावेत. कोणी कोणत्या दालनात बसावयाचे हेही निघण्यापूर्वीच ठरवावे. नाहीतर चौघेही ट्रॅक्टरपाशी सापडतात.

आता प्रत्यक्ष संदेशाविषयी, कारण खरा धोका येथेच आहे. अमेरिकन लष्करी अळी भारतात प्रथम २०१८ च्या मे महिन्यात कर्नाटकातील शिवमोगा भागात मक्यावर आढळली व त्याच वर्षी महाराष्ट्रात आली. त्या काळात अळ्यांची छायाचित्रे गटागटांतून फिरली, परंतु त्यांपैकी बरीच ओळख पटविण्यास निरुपयोगी होती. या अळीच्या डोक्यावर उलट्या इंग्रजी 'वाय' अक्षरासारखी फिकट खूण असते आणि उदराच्या आठव्या खंडावर चार ठिपके चौकोनात मांडलेले दिसतात. छायाचित्रात हे दोन्ही स्पष्ट दिसत नसतील तर दालनातील शास्त्रज्ञही त्यावरून निश्चित उत्तर देऊ शकणार नाही. घरच्याने असे छायाचित्र सकाळच्या उजेडात, जवळून व स्थिर हाताने घेऊन पाठवावे. म्हणजे परिषदेतील प्रतिनिधीला ते तज्ज्ञास दाखवून त्याच दिवशी उत्तर कळविता येते. ही देवघेव एका दिवसात होणे हा या साधनाचा सर्वांत मोठा लाभ आहे.

परंतु उत्तर कळविताना मात्रेचा घोटाळा होतो. एका तालुक्यातील गटात मी पाहिलेला प्रकार असा. याच अळीसाठी इमामेक्टिन बेंझोएट ५ टक्के हे दाणेदार कीटकनाशक दहा लिटर पाण्यास ४ ग्रॅम, म्हणजे लिटरला ०.४ ग्रॅम, या प्रमाणात वापरतात. दालनात बसलेल्या तरुणाने घाईने 'इमामेक्टिन ४ ग्रॅम' एवढेच लिहिले. गावातील एकाने तो संदेश पुढे पाठविताना आपल्या समजुतीने 'प्रति लिटर' हे शब्द घातले आणि मात्रा दसपट झाली. दुसऱ्याने 'प्रति पंप' असे धरले. त्याचा पंप सोळा लिटरचा, म्हणून मात्रा अपुरी पडली. एका शेतकरी बाईंनी 'दहा लिटरला की लिटरला?' असे सरळ विचारले, तेव्हा कोठे उलगडा झाला व फवारणी थांबली. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी व शेतमजूर दगावले, हे आपण विसरलेलो नाही. औषधाच्या बाबतीत अर्धा संदेश पाठविण्यापेक्षा मुळीच न पाठविणे इष्ट.

म्हणून औषध किंवा खताविषयी लिहिताना औषधाचे पूर्ण नाव व टक्केवारी, कोणते पीक, कोणती कीड, किती पाण्यास किती, काढणीपूर्वी किती दिवस फवारणी थांबवावयाची, आणि हे कोणी कोणत्या दालनात सांगितले, एवढे सर्व एकाच संदेशात असावे. तुकडे करून पाठविलेले संदेश पुढे जाताना विलग होतात. मात्रा अंकांत लिहून पुन्हा अक्षरांतही लिहावी. ध्वनिसंदेश वाचता न येणाऱ्यांना सोयीचे खरे, परंतु त्यातील आकडा नंतर शोधून सापडत नाही. यास्तव ध्वनिसंदेशासोबत लेखी मजकूर अवश्य द्यावा.

दुसरी चूक पडद्यावरील मजकुराचे छायाचित्र काढून पाठविण्याची. पडद्यावर दिसले म्हणजे शिफारस झाली असे नव्हे. संशोधन बैठकीत शास्त्रज्ञ आपले निष्कर्ष मांडतात; त्यांवर प्रश्न विचारले जातात; काही मान्य होतात, काही आणखी चाचणीसाठी परत जातात, आणि मान्य झालेली शिफारस पुष्कळदा ठराविक विभागापुरतीच असते. कोकणातील भाताचा सल्ला मराठवाड्यातील शेतकऱ्याच्या मोबाईलवर गेला तर त्याचा काय उपयोग? 'मांडले गेले' आणि 'मान्य झाले' हा भेद संदेशाच्या पहिल्याच ओळीत लिहावा. वक्त्याने छायाचित्र न काढण्याची विनंती केली असल्यास ती पाळावी. अप्रसिद्ध संशोधन एक्स किंवा फेसबुकवर चढविणे तर सर्वथा अयोग्य होय. शासकीय सेवकांनी महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ यांची मर्यादाही ध्यानात ठेवावी. तसेच शेतकऱ्याचे नाव, गट क्रमांक किंवा कर्जाची माहिती दिसेल असे छायाचित्र त्याच्या संमतीविना सार्वजनिक ठिकाणी टाकू नये.

पुढे पाठविण्याच्या सवयीबद्दल थोडे कठोर लिहिणे भाग आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळविणाऱ्यांच्या अफवेवरून पाच निरपराध माणसांचा जमावाने बळी घेतला. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी संदेश पुढे पाठविता येईल असे बंधन जाहीर केले. पुष्कळदा पुढे गेलेल्या संदेशावर आता दुहेरी बाणाची खूण येते. अशी खूण असलेला शेतीविषयक सल्ला परिषदेच्या गटात येऊच देऊ नये, मग तो कितीही गोड भाषेत असो.

चूक झालीच तर संदेश पुसून स्वस्थ बसू नये. पाठविल्यापासून पंधरा मिनिटांत मजकूर सुधारता येतो, परंतु तोवर तो इतरत्र गेला असेल तर तेथे जुनाच राहतो. 'दुरुस्ती' असा मथळा देऊन जुना व नवा असे दोन्ही आकडे लिहावेत आणि ज्यांनी पुढे पाठविला असेल त्यांनी दुरुस्तीही पुढे पाठवावी. हे काम एका संकलकाकडे सोपवावे. तो परिषदेस न गेलेला असला तरी चालेल, किंबहुना घरी निवांत बसलेला अधिक चांगला. दिवसभराचे संदेश तपासून त्याने रात्री एकच टिपण तयार करावे.

मोठ्या मंडपात हजारो लोक जमले की मोबाईलचे जाळे मंदावते. अशा वेळी आधी मजकूर पाठवावा, छायाचित्रे व चित्रफिती मुक्कामी गेल्यावर. विजेचा साठा करणारी छोटी पेटी जवळ असावी. आणि वही-पेन्सिल तर असावीच, कारण तिला जाळे लागत नाही.

परतल्यावर रात्रीची टिपणे एकत्र करून ग्रामपंचायतीत किंवा चावडीवर वाचून दाखवावीत. ज्यांच्याकडे साधा मोबाईल आहे, किंवा ज्या घरात तो एकाच पुरुषाच्या हाती असतो, त्या घरच्या स्त्रियांपर्यंत गटातील मजकूर पोचलेला नसतो; खुरपणी व फवारणीचे पाणी भरणे मात्र बहुधा त्यांच्याकडेच असते. वाचनाची वेळ त्यांना सोयीची ठेवावी. वहीतील क्रमांकांपुढे उत्तरे लिहावीत. ज्यांना उत्तर मिळाले नाही ते प्रश्न जवळच्या कृषि विज्ञान केंद्राकडे लेखी पाठवावेत, त्याची पोच घ्यावी आणि मगच परिषदेचा गट बंद करावा.