चाके पोटात घेताना

५ मार्च १९३६ रोजी इंग्लंडमधील ईस्टली येथून स्पिटफायरचा पहिला नमुना उडाला, तेव्हा त्याची चाके पूर्ण वेळ खालीच होती. आर. जे. मिचेल यांनी ते विमान चाके पंखात घेण्यासाठीच आखले होते. पण नवे विमान हवेत कसे वागते ते आधी पाहावे आणि पाय उचलण्याची परीक्षा नंतर घ्यावी, म्हणून ती कुलूपबंद ठेवली गेली. आज त्याच स्पिटफायरची मोठी, रेडिओवर चालणारी प्रतिकृती बांधणारे हौशी कारागीर पहिल्या उड्डाणाला पुष्कळदा हेच करतात. चाके पोटात घेणारे विमान किती नाजूक जागी अडू शकते, हे त्यांना पक्के ठाऊक असते.

दुसऱ्या महायुद्धातील लढाऊ विमानांच्या या प्रतिकृतींना छंदात वॉरबर्ड म्हणतात. स्पिटफायरच्या पंखांचा विस्तार ११.२३ मीटर. एक पंचमांश मॉडेल म्हणजे सव्वादोन मीटर, एक चतुर्थांश म्हणजे दोन मीटर ऐंशी सेंटिमीटर. वजन वीस किलोच्या घरात, पुढे पेट्रोल इंजिन, आणि उतरतानाचा वेग ताशी पन्नास-साठ किलोमीटर. ब्रिटनमध्ये अशा मोठ्या मॉडेलांसाठी लार्ज मॉडेल असोसिएशन ही स्वतंत्र संस्था आहे. अमेरिकेतील अॅकॅडमी ऑफ मॉडेल एरोनॉटिक्सच्या नियमांत ५५ पौंडांपुढच्या मॉडेलला वेगळी तपासणी आणि परवानगी लागते. एवढे वजन पन्नासच्या वेगाने जमिनीला टेकते तेव्हा सगळा भार दोन बारीक पायांवर येतो, आणि ते पाय काही मिनिटांपूर्वी पंखात मिटून पडलेले असतात.

प्रतिकृतीत जवळजवळ सगळे लहान करता येते. पंख, इंजिनावरचे झाकण, वैमानिकाची बैठक, पत्र्यावरचे रिव्हेटसुद्धा. जमीन मात्र लहान होत नाही. खऱ्या स्पिटफायरचे चाक साधारण साठ सेंटिमीटरचे, एक चतुर्थांश मॉडेलचे पंधरा. मैदानात चार सेंटिमीटरचा उंचवटा असेल तर मॉडेलच्या लेखी तो खऱ्या विमानापुढच्या सोळा सेंटिमीटरच्या उंचवट्याइतका असतो. गवत, गोटे, सशांनी उकरलेली माती, पावसाने पडलेल्या घळी हे सगळे आपल्या मूळ मापातच राहते. त्यामुळे मूळ आराखडा हुबेहूब लहान करून बनवलेला पाय दिसायला सुंदर होतो, पण टिकत नाही. रिट्रॅक्ट, म्हणजे चाके आत घेणारे यंत्र, बनवणाऱ्याचे काम सुरू होते ते या ठिकाणी.

बाहेरच्या माणसाला वाटते की अवघड काम पाय वर उचलण्याचे असेल. ते तुलनेने सोपे आहे, कारण उचलताना पायावर स्वतःच्या वजनापलीकडे आणि थोड्या वाऱ्यापलीकडे काही नसते. खाली आलेला पाय खाली धरून ठेवणे, यात कसब लागते. हिशेब अगदी साधा आहे. पायाची लांबी तीस सेंटिमीटर धरा. त्याला अडवणारी पिन आसापासून दोन सेंटिमीटरवर आहे असे धरा. चाकाला मिटण्याच्या दिशेने दहा किलोचा धक्का बसला, की पिनेवर दीडशे किलो येतात. आणि खडबडीत मैदानावर वीस किलोचे विमान टेकताना दहा किलोचा धक्का काही विशेष नव्हे.

हे यंत्र हातात घेऊन पाहावे असे आहे. अॅल्युमिनियमच्या दोन जाड पट्ट्या, त्यांच्यामध्ये आसावर फिरणारा एक ठोकळा, आणि त्या ठोकळ्यात घट्ट बसवलेला पाय. पट्ट्यांना लांबीच्या दिशेने सरळ खाच असते, ठोकळ्याला वाकडी. दोन्ही खाचांतून एकच पोलादी पिन आरपार गेलेली असते आणि ती पिस्टनच्या दांड्याला जोडलेली असते. पिस्टन ढकलला की पिन पट्ट्यांच्या खाचेतून सरळ सरकते. ठोकळ्याची वाकडी खाच तिला वाट करून देते आणि तेवढ्यासाठी ठोकळ्याला वळावे लागते. पाय खाली येतो. प्रवासाच्या अखेरच्या काही मिलिमीटरांत खाच अशी वळवलेली असते की तिच्या भिंती पिनेच्या सरकण्याच्या दिशेला समांतर होतात. आता चाकाकडून कितीही जोर आला तरी तो पिनेवर आडवा पडतो, तिला मागे ढकलणारा अंश त्यात उरत नाही. दाराला कडी घातल्यावर धक्का कडी सोसते, दार धरणाऱ्या माणसाला जोर लावावा लागत नाही, तसेच हे. पिस्टनमागची हवा निघून गेली तरी पाय जागचा हलत नाही.

मात्र त्या शेवटच्या मिलिमीटरांना तपशिलाची चूक चालत नाही. खाच पाच अंशांनी जरी कलली, किंवा वापराने तेवढी झिजली, तरी दीडशे किलोंपैकी तेरा किलो पिनेला मागे रेटू लागतात. बारा मिलिमीटर व्यासाच्या सिलिंडरमध्ये १०० पीएसआय दाबाची हवा असेल तर तिचा जोर जेमतेम आठ किलो भरतो. घर्षण थोडी मदत करते, पण त्याच्या भरवशावर कोणी शहाणा माणूस विमान उतरवणार नाही. म्हणून चांगले निर्माते ही खाच मिलिंग यंत्रावर काटेकोर कापतात, पिन कडक पोलादाची घेतात आणि ठोकळ्याचे अॅल्युमिनियम विमानाच्या दर्जाचे वापरतात. अमेरिकेत इलिनॉय राज्यातल्या सेंट चार्ल्सची रोबार्ट कंपनी हवेवर चालणारे असे रिट्रॅक्ट अनेक दशके विकत आली आहे.

धक्का कोणत्या बाजूने येतो हेही पाहावे लागते. स्पिटफायरचे पाय बाहेरच्या बाजूला मिटतात. गवत चाकाला मागे ओढते तो जोर मिटण्याच्या दिशेला आडवा असतो, म्हणून तो पिनेवर न पडता आसाच्या दोन टोकांवर पडतो. तिथे ठोकळा रुंद हवा, नाहीतर भोके लंबगोल होतात. कॉर्सेअर आणि पी-४० या लढाऊ विमानांचे पाय मागे मिटतात. तिथे गवताची प्रत्येक ओढ थेट कुलपावर येते. खऱ्या कॉर्सेअरला यासाठी वेगळी भक्कम तिरकी दांडी आहे. मॉडेलमध्ये ती नुसती शोभेची बसवायची की तिने खरोखर भार घ्यायचा, हा निर्णय आराखडा करणाऱ्याने पहिल्याच दिवशी घ्यावा. माझ्या मते तिने भार घेतलाच पाहिजे. दीडशे किलो दोन सेंटिमीटरवर अडवण्यापेक्षा तोच धक्का दहा सेंटिमीटरवर अडवणे केव्हाही सुज्ञपणाचे.

यानंतर येते भूमिती, आणि या कलेतला सर्वांत देखणा भाग तोच. स्पिटफायरचा पाय खाली असताना थोडा पुढे झुकलेला असतो. वर गेल्यावर तो पातळ पंखात आडवा पडला पाहिजे, आणि पंख स्वतःच बाहेरच्या बाजूला वर चढत जाणारा. चाकाची एक बाजू पंखाच्या खालच्या पृष्ठाशी जुळली पाहिजे. बिजागरीचा आस विमानाच्या लांबीला सरळ समांतर ठेवला तर हे जमत नाही. अठराव्या शतकात लेओनहार्ट ऑयलर याने सिद्ध केले होते की एक बिंदू स्थिर ठेवून वस्तूच्या कोणत्याही दोन स्थिती घेतल्या, तर त्यांना जोडणारा एक तरी आस असतो, आणि त्याभोवती एकदाच वळवून पहिलीवरून दुसरीवर जाता येते. तो आस शोधणे हे रिट्रॅक्टवाल्याचे काम. जुने लोक लाकडी दांडी आणि पुठ्ठ्याची चकती घेऊन तो चाचपडत काढत, आता संगणकावरच्या आराखड्यात तो काही मिनिटांत सापडतो. पण सापडलेला आस नेहमी दोन-तीन दिशांनी तिरका असतो, आणि तो पंखातल्या प्लायवूडच्या तुळयांवर त्याच तिरकेपणाने बसवायचा असतो. तिथे एक अंश चुकला की तीस सेंटिमीटरच्या पायाच्या टोकाला चाक पाच मिलिमीटर सरकते, आणि पंखातल्या गोल खळग्याच्या कडेला घासते.

हा कोन किती आग्रही असतो याचा पुरावा खऱ्या विमानावरच आहे. स्पिटफायर गवताच्या मैदानांसाठी आखले होते. पुढे काँक्रीटच्या धावपट्ट्या आल्या आणि टायर घासू लागले, म्हणून चाकांचा कोन बदलण्यात आला. खाली कोन बदलला की वर मिटलेल्या चाकाचाही बदलतो. ते पंखात पूर्वीसारखे मावेना, आणि पंखाच्या वरच्या बाजूला एक छोटा फुगवटा द्यावा लागला. मॉडेलवाले या फुगवट्यावरून विमान कोणत्या काळातले ते ओळखतात. त्यांना स्वतःलाही हा पेच रोज भेटतो. गवतात विमान नाकावर पालथे पडू नये म्हणून ते चाके मूळ जागेपेक्षा किंचित पुढे आणतात, आणि तेवढ्या बदलाने आसाची सगळी मांडणी नव्याने करावी लागते.

कॉर्सेअरची गोष्ट याहून गुंतागुंतीची. त्याचा पंखा ४ मीटरहून मोठा. तो जमिनीला लागू नये म्हणून पाय लांब हवेत, पण लांब पाय जड आणि कमकुवत. तेव्हा पंखच मुळाशी खाली वाकवले आणि त्या वाकणाच्या तळाशी आखूड पाय लावले. हे पाय मागे जाता जाता नव्वद अंशांनी स्वतःभोवती वळतात, म्हणजे चाक पंखात सपाट झोपते. ऑयलरच्या नियमाने हेही एकाच तिरक्या आसाभोवती १२० अंश फिरवून साधते. पण तसे केले तर अर्ध्या वाटेवर चाक पायाच्या लांबीच्या एक तृतीयांश इतके बाजूला फेकले जाते. त्यासाठी पंखाला मोठे भगदाड पाडावे लागेल आणि पाहणाऱ्याच्या डोळ्याला ते खोटे दिसेल. म्हणून मॉडेलमध्येही पाय मागे मिटवणे आणि त्याला पीळ देणे या दोन हालचाली वेगळ्या ठेवून दातेरी चाकांनी किंवा नागमोडी खाचेने एकमेकींना जोडतात. जोड जितके जास्त, तितकी ढिलाई जास्त. धावताना चाक किंचित वाकडे झाले की विमान गर्रकन बाजूला वळते, आणि कॉर्सेअरची मॉडेले याच कारणाने पंखाचे टोक घासून घेतात. मागे जाणाऱ्या पायांचा आणखी एक परिणाम. दोन्ही पायांचे मिळून एक किलो वजन वीस सेंटिमीटर मागे गेले, तर वीस किलोच्या विमानाचा गुरुत्वमध्य एक सेंटिमीटर मागे सरकतो. समतोल तपासताना चाके वर घेऊनच तपासावा लागतो.

पी-४७ थंडरबोल्टचा पाय तर मिटताना ९ इंचांनी आखूड होतो. बरेच मॉडेलवाले ही करामत सोडून देतात आणि मला त्याचे वाईट वाटते, कारण एक पंचमांश मापात ते केवळ साडेचार सेंटिमीटर आहेत. मस्टँगचे काम सोपे. पाय आतल्या बाजूला मिटणारे आणि चाकांतले अंतर प्रशस्त, मूळ विमानात ११ फूट १० इंच. स्पिटफायरचे ५ फूट साडेआठ इंचच, म्हणून एक पंचमांश मॉडेलला सव्वादोन मीटरचे पंख पस्तीस सेंटिमीटरच्या अंतरावर तोलावे लागतात. मस्टँगमध्ये दारांचा क्रम सांभाळावा लागतो. आतली दारे आधी उघडायची, मग चाके, मग दारे पुन्हा बंद. क्रम उलटला की चाक दार फोडून बाहेर येते.

पाय हलवायला ताकद कुठून आणायची यावर दोन तट आहेत. हवेवाले पंपाने टाकीत १०० ते १२० पीएसआय हवा भरून घेतात आणि सर्व्होवर चालणारी झडप ती वर किंवा खाली सोडते. वाटेत बारीक छिद्राचा अडसर घातला की पाय खऱ्यासारखा संथ हलतो. दोन्ही पाय अगदी एकाच वेळी येत नाहीत, एक जरा आधी, एक मागून. मूळच्या अनेक विमानांतही तसेच होई, त्यामुळे ते बघायला छान वाटते. खोट एकच, गळती. थंडीत ओ-रिंग कडक होतात. विजेवाले छोटी मोटर आणि आट्यांचा दांडा वापरतात. आटे स्वतःच कुलूप होतात, हवा भरायची कटकट नाही. पण मोटर किती वीज खेचते यावरून पाय टोकाला पोहोचला हे तिच्या यंत्रणेला कळते. पाय जरासा वाकून वाटेत अडकला तर तिला तो पोहोचला असेच वाटते आणि ती अर्ध्यावर थांबते. मोठ्या मॉडेलसाठी माझे मत हवेच्या बाजूने आहे, त्यातही हवेने वर आणि स्प्रिंगने खाली या मांडणीच्या. हवा संपली तर चाके खाली येतात.

ताकदीचा आणि बिघाडाचा हा प्रश्न खऱ्या विमानांनाही होता. स्पिटफायरच्या सुरुवातीच्या नमुन्यांत चाके हातपंपाने वर घ्यावी लागत. वैमानिक उजव्या हाताने पंप मारी आणि डाव्या हातातला दांडा नकळत डुलल्यामुळे विमान वर-खाली हेलकावत जाई. वाइल्डकॅट या विमानात तर तीसेक वेळा हँडल फिरवावे लागे. आणि यंत्रणा बिघडलीच तर स्पिटफायरमध्ये कार्बन डायऑक्साइडची बाटली असे, ती फोडली की चाके खाली ढकलली जात.

भारतीय हवाई दलानेही स्पिटफायर, हरिकेन आणि टेंपेस्ट ही चाके पोटात घेणारी विमाने वापरली, आणि दिल्लीत पालमच्या संग्रहालयात ती जवळून पाहता येतात. मॉडेल करू पाहणाऱ्याने तिथे पंखाखाली वाकून पायाची कात्री पाहावी. वरच्या नळीला आणि खालच्या नळीला जोडणारे ते दोन लहान दांडे चाकाला सरळ ठेवतात. खऱ्या पायात आत हवा आणि तेल असते. तेल बारीक छिद्रातून जाताना धक्क्याची ऊर्जा खाऊन टाकते. मॉडेलच्या पायात बहुधा नुसती स्प्रिंग असते, ती धक्का साठवते आणि परत देते, म्हणून ही विमाने टेकल्यावर उसळतात. पायात थोडे तेल आणि एक अडसर घातला की उसळी कमी होते, मग त्या पायाला गळती न होणारे सील बसवण्याचे काम वाढते.

एक पाय खाली आणि एक वर, अशी वेळ कधी तरी येतेच. तेव्हा खाली आलेला पाय परत वर घेऊन गवतावर पोटाने उतरणे हाच शहाणपणाचा मार्ग, कारण एका पायावर उतरणारे विमान पंख आणि शेपूट दोन्ही गमावते. पोटाने उतरले तर सहसा पंखा जातो आणि खालचा रंग खरवडतो. त्यासाठी वर घेण्यापुरती हवा टाकीत शिल्लक हवी. म्हणून बारकाईने काम करणारे लोक विमानात दोन टाक्या ठेवतात, आणि दुसरीच्या झडपेला ट्रान्समीटरवर स्वतंत्र बटण देतात.