शिकाऊ मालक : काही गैरसमज आणि वस्तुस्थिती

वसईच्या किनाऱ्यालगतच्या वाड्यांतून एके काळी बावखलाचे पाणी रहाटाने उपसले जाई. पुढे रहाट जाऊन तेलाचे इंजिन आले, इंजिन जाऊन विजेचा पंप आला, आणि दर नव्या साधनासरशी बागायतदाराचे श्रम हलके होत गेले. परंतु उपसा बेसुमार झाला म्हणजे समुद्राकाठच्या विहिरींत खारे पाणी शिरते, ही जाण मात्र पंपाबरोबर दुकानातून आली नाही. ती केळीबागांचे व पानवेलींचे नुकसान सोसून मागाहून मिळवावी लागली. आज त्याच तालुक्याच्या पूर्वेस, वालीव, सातिवली आणि गोखिवरे येथील गाळ्यांतून साचे, प्लॅस्टिकचा माल आणि यंत्रांचे सुटे भाग तयार करणाऱ्या कारखानदारांपुढे हाच प्रश्न निराळ्या वेषात उभा आहे. मालकाने शिकत राहावे, हे तत्त्वतः कोणी अमान्य करीत नाही. व्यवहारात मात्र ते टाळण्यास जी कारणे दिली जातात, त्यांपैकी पाचांची येथे छाननी करू.

गैरसमज पहिला : शिकण्याचे वय शाळेबरोबर सरले.

वस्तुस्थिती : १८६९ साली जन्मलेले लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत चित्रकलेसाठी गेले. रंग ओळखण्यात दृष्टिदोष आहे असे ध्यानी आल्यावर त्यांनी चित्रकला सोडली, परंतु रेषेवरील आपला हात वाया जाऊ न देता व्हिक्टोरिया जुबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये यंत्रांचे आरेखन आत्मसात केले व पुढे तेच शिकविले. त्यानंतर बेळगावी सायकलींचे दुकान, कडबा कापण्याचे यंत्र, लोखंडी नांगर आणि १९१० साली औंध संस्थानच्या माळरानावर उभी राहिलेली किर्लोस्करवाडी, अशी त्यांची वाटचाल झाली. यांपैकी एकाही टप्प्याचे शिक्षण मागल्या टप्प्यावर पुरते मिळालेले नव्हते. लोखंडाने जमीन विषारी होते या समजुतीमुळे पहिला नांगर विकला जाण्यास दोन वर्षे लागली, तेव्हा लोखंडाच्या गुणधर्मांइतकेच शेतकऱ्याचे मनही त्यांना अभ्यासावे लागले.

गैरसमज दुसरा : पंचवीस वर्षांचा अनुभव हाच आमचा गुरू.

वस्तुस्थिती : अनुभव हा गुरू खराच, परंतु जे घडून गेले तेवढेच तो शिकवितो, नवा कायदा त्याच्या अभ्यासक्रमात नसतो. मोठ्या कंपनीकडे अडकलेल्या पैशासाठी दारी तगादा लावणे, आणि पुढचे काम हातचे जाईल या भयाने तोही सौम्य ठेवणे, हे आमचे कारखानदार अनुभवाने शिकले आहेत. परंतु २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास अधिनियमान्वये खरेदीदाराने सूक्ष्म वा लघु उद्योगाचे देणे, करारात अधिक मुदत लिहिली असली तरी, माल स्वीकारल्यापासून ४५ दिवसांच्या आत भागविले पाहिजे. लेखी करारच नसेल तर ती मुदत १५ दिवसांची. आणि मुदत टळल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढीने, व्याज लागू होते. आयकर कायद्यातील दुरुस्तीने १ एप्रिल २०२४ पासून आणखी एक पेच खरेदीदारावर बसला आहे : असे देणे त्याने मुदतीबाहेर थकविले, तर त्या खर्चाची वजावट त्याला प्रत्यक्ष पैसे दिले त्या वर्षीच मिळते.

शिवाय १ एप्रिल २०२५ पासून लघु उद्योगाची उलाढालीची मर्यादा ५० कोटींवरून १०० कोटी रुपये, आणि यंत्रसामग्रीतील गुंतवणुकीची १० कोटींवरून २५ कोटी रुपये झाली. म्हणजे ६० कोटींच्या उलाढालीमुळे काल ‘मध्यम’ गणला गेलेला कारखानदार, गुंतवणूक या मर्यादेत असल्यास, आज ‘लघु’ वर्गात येऊन वरील संरक्षणास पात्र ठरू शकतो. परंतु उद्यम नोंदणीचा दाखला एकदा चौकटीत बसवून भिंतीवर टांगला आणि पुन्हा वाचला नाही, तर ही गोष्ट त्याला कळावी कशी?

गैरसमज तिसरा : मालक विचारू लागला की कामगारांत त्याचा मान जातो.

वस्तुस्थिती : १९५० साली डब्ल्यू. एडवर्ड्स डेमिंग या अमेरिकन संख्याशास्त्रज्ञांनी जपानमध्ये गुणवत्तेवर व्याख्याने दिली, तेव्हा केवळ अभियंत्यांना वर्गात धाडून कंपन्यांचे अध्यक्ष घरी स्वस्थ राहिले नाहीत. त्यांच्यासाठी स्वतंत्र सभा भरली आणि ते श्रोत्यांच्या आसनांवर बसले. पुढच्याच वर्षी डेमिंग यांच्या नावाने तेथे पारितोषिक सुरू झाले. साच्यातून निघणारा माल वारंवार का बिघडतो, हे यंत्रावर उभ्या असलेल्या कारागिरास विचारणाऱ्या मालकाचा मान त्या प्रश्नाने उणावत नाही. उत्तर ऐकून काहीच न केल्याने मात्र तो खचित उणावतो.

गैरसमज चौथा : शिकणे म्हणजे महागडे वर्ग आणि पंचतारांकित शिबिरे.

वस्तुस्थिती : वर्ग निरुपयोगी नसतात, १९८८ पासून कार्यरत असलेले महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्र प्रशिक्षणाचेच काम करते. परंतु वसईचा स्वतःचा दाखला अधिक बोलका आहे. सहकारी पतसंस्थांचा कायदा हिंदुस्थानात १९०४ साली आला, आणि १९१८ साली मॉन्सिन्योर पी. जे. मोनीस या धर्मगुरूंच्या पुढाकाराने पुढे बॅसीन कॅथॉलिक सहकारी बँक म्हणून नावारूपास आलेली संस्था स्थापन झाली. भागभांडवल, तारण, जमाखर्च आणि हिशेबतपासणी हे विषय काही धर्मगुरूच्या किंवा बागायतदाराच्या नित्याच्या कामातले नव्हते. ते शिकल्यावाचून संस्था चालली नसती, आणि शंभरांहून अधिक वर्षे टिकली तर नसतीच.

गैरसमज पाचवा : कामगाराला शिकविले की तो शेजारच्या गाळ्यात जातो.

वस्तुस्थिती : काही जातात, हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु न शिकविलेला कामगार राहतो आणि माल बिघडवीत राहतो, या तोट्याची नोंद कोणत्याच वहीत होत नाही, म्हणून तो तोटा वाटत नाही. किर्लोस्करवाडीत शाळा अर्धवट सोडलेले अनंतराव फळणीकर अभियंते म्हणून नावाजले, ते शिकू दिले गेले म्हणूनच. कायद्यालाही हे अभिप्रेत आहे : १९६१ च्या शिकाऊ उमेदवार अधिनियमाखाली आज ३० किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेस शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक, आणि चार ते २९ माणसे असलेल्या आस्थापनेस ऐच्छिक आहे.

या पाचही समजांच्या मुळाशी एकच कल्पना दिसते : शिकणे हे कामाखेरीजचे, सवडीने करावयाचे काही आहे. वस्तुतः तेजी-मंदी न पाहता जशी रोजकीर्द लिहिली जाते, तसे ते मालकाच्या नित्य कामांपैकीच एक आहे, आणि मालकाने ते सर्वांदेखत केले तरच कारखान्यात त्याची प्रथा पडते.

वाचकहो, आरंभ लहानसाच करावा. या शनिवारी येणे रकमांची यादी समोर घ्यावी, प्रत्येक बिलापुढे माल स्वीकारल्याची तारीख लिहावी, ४५ दिवस उलटलेली बिले वेगळी काढावी आणि हिशेबनीसाला शेजारी बसवून त्यांवरील व्याज काढावे. येणारा आकडा हीच आजवर न शिकल्याची फी होय.