लिलावातली मालमत्ता: आधी सातबारा, मग भाव

बारामती आणि इंदापूर तालुक्यांतून आम्हाला एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला जातो: "पेपरात बँकेच्या लिलावाची नोटीस आली आहे, भाव बाजारापेक्षा कमी दिसतोय, घ्यावं का?" आमचं उत्तर असं की भाव सगळ्यात शेवटी बघायचा. पहिला प्रश्न हा, की ही जागा शेतीची आहे की बिगरशेती? त्यावर कायदा बदलतो, लिलाव करणारा बदलतो आणि बोली कोण लावू शकतो हेही बदलतं.

आधी बिगरशेतीचं पाहू. घर, दुकान, एनए प्लॉट किंवा कारखान्याची शेड तारण असेल, तर बँक बहुतेक वेळा 2002 च्या सरफेसी कायद्याने वसुली करते. कर्ज थकलं की कर्जदाराला 60 दिवसांची मागणी नोटीस जाते. पैसे आले नाहीत तर बँक ताबा घेते, मूल्यांकन करून राखीव किंमत ठरवते आणि दोन वर्तमानपत्रांत विक्रीची नोटीस देते. त्यांतलं एक स्थानिक भाषेतलं असावं लागतं. सहकारी बँकांना हा कायदा लागू आहे का, यावर बरीच वर्षं वाद होता. कोल्हापूर जिल्ह्यातल्या मुरगूडच्या एका सहकारी बँकेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मे 2020 मध्ये "लागू आहे" असा निकाल दिला.

आता शेतीचं. याच कायद्याच्या कलम 31 ने शेतजमीन वगळली आहे. नीरा डाव्या कालव्यावरचं उसाचं रान किंवा इंदापूरकडची डाळिंबाची बाग सरफेसीखाली विकता येत नाही. शिवाय पतसंस्था म्हणजे बँक नव्हे. तिची वसुली महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम 1960 प्रमाणे होते: कलम 101 खाली वसुली दाखला मिळतो आणि नियम 107 खाली वसुली अधिकारी जप्ती आणि लिलाव करतो. या लिलावाची नोटीस तालुका कचेरीतही लागते. म्हणून शोध घेताना फक्त पेपर चाळून भागत नाही. सरकारी बँकांच्या मालमत्तांसाठी 'बँकनेट' हे संकेतस्थळ बघा, सहकारी बँका आणि पतसंस्थांसाठी तालुक्याच्या गावी चौकशी करा.

शेतजमिनीत आणखी एक अडचण आहे. कुळकायद्याच्या कलम 63 प्रमाणे शेतकरी नसलेल्या माणसाला जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. वसुलीच्या लिलावातली विक्रीही यातून आपोआप सुटत नाही. पुण्यात नोकरी करणाऱ्या आणि स्वतःच्या नावावर सातबारा नसलेल्या माणसाने हे बोलीआधी तपासायचं, नंतर नाही.

सातबारा काढला की दोन गोष्टी वाचा: भोगवटादार वर्ग आणि इतर हक्क. वर्ग 2 असेल तर विक्रीला परवानगी लागू शकते. उजनीच्या पट्ट्यात पुनर्वसनाच्या जमिनी असतात, तिथे हे विशेष बघायचं. इतर हक्कात सोसायटीचा बोजा, बहिणींचे हक्क, दाव्याची नोंद असू शकते.

नुसत्या नोंदीवरही मात्र निकाल लागत नाही. दक्षिण गोव्यातलं एक मोठं हॉटेल 2015 मध्ये लिलावात 515 कोटींना विकलं गेलं. "यातली काही जमीन शेतीची आहे" असा मुद्दा कर्जदाराने कोर्टात मांडला. मार्च 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खरेदीदाराच्या बाजूने निकाल दिला, कारण जमिनीचा प्रत्यक्ष वापर शेतीचा नव्हता. पण तीन वर्षं गेलीच. एवढी मोठी कंपनी थांबू शकते. मुलीच्या लग्नासाठी ठेवलेले पैसे थांबू शकतात का, हे ज्याचं त्याने ठरवावं.

एमआयडीसीत वेगळं गणित आहे. बारामती किंवा लोणी देवकरला प्लॉट घेतला तर जमीन मालकीची होत नाही. ती साधारणपणे 95 वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिलेली असते, म्हणजे तुम्ही उरलेली वर्षं विकत घेता. हस्तांतराची परवानगी आणि शुल्क हिशेबात धरा. विजेची थकबाकीही विचारा. आधीच्या मालकाचं बिल नव्या खरेदीदाराकडून मागता येऊ शकतं, असं सर्वोच्च न्यायालयाने 2023 मध्ये सांगितलं आहे.

आता पैसे. समजा सरफेसीत तुमची 40 लाखांची बोली मान्य झाली. अनामत धरून 25 टक्के, म्हणजे 10 लाख, त्याच दिवशी किंवा फार तर पुढच्या कामाच्या दिवशी भरायचे. उरलेले 30 लाख विक्री कायम झाल्यापासून 15 दिवसांत. मुदत लेखी वाढवून मिळाली तरी तीन महिन्यांच्या पुढे नाही. चुकलात तर भरलेली रक्कम जप्त. म्हणून "कर्ज मंजूर होईलच" या भरवशावर बोली लावू नका. नियम 107 मध्ये 15 टक्के जागेवर आणि बाकी 15 दिवसांत. तिथे विक्रीनंतरही 30 दिवसांत कर्जदार ठरलेली रक्कम भरून विक्री रद्द करून मागू शकतो.

नोटिशीत 'प्रतीकात्मक ताबा' लिहिलं असेल, तर दारावर कागद चिकटवला आहे, आत कुटुंब राहतंय, असं समजा. प्रत्यक्ष ताब्यासाठी बँकेला जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करावा लागतो. कर्जदार पुण्याच्या कर्ज वसुली न्यायाधिकरणात दाद मागू शकतो. प्रकरण तिथे चालू आहे का, हे बँकेकडून लेखी घ्या. आणि जागेवर स्वतः जा. शेजारी, पोलीस पाटील, तलाठी यांच्याशी बोला.

शेवटचा मुद्दा. त्या घरात राहणाऱ्या माणसाशी नीट बोला. "आम्ही पुढे काय करायचं?" असं त्याने विचारलं, तर एक खरी गोष्ट त्याला सांगता येते: लिलावात कर्ज, व्याज आणि खर्च वजा जाऊन जे उरतं ते त्याचं असतं. भाव पाडण्यासाठी बोली लावणाऱ्यांनी आपसात संगनमत केलं, तर ते त्याच्याच ताटातलं जातं आणि विक्रीही कोर्टात अडकू शकते. कागद पूर्ण तपासा, रास्त बोली लावा, आणि कागद सुटत नसेल तर लिलाव सोडून द्या.