ऊदच्या तारा घेताना

ऊदला बहुधा अकरा तारा असतात: पाच जोड्या आणि खर्जाची एक एकटी. संच घेण्याआधी वाद्य अरबी की तुर्की हे पाहा. घोडीपासून खुंट्यांजवळच्या हाडी पट्टीपर्यंत अरबी ऊदची तार साधारण ६१ सेंमी भरते, तुर्कीची ५८.५. तुर्की सूर चढा लावतात, त्यामुळे दोन्हींच्या तारांची जाडी वेगळी. एकाचा संच दुसऱ्याला चढवला, तर तारा ढिल्या तरी पडतात किंवा अति ताणल्या तरी जातात.

वरच्या सुरांच्या तारा नायलॉनच्या किंवा फ्लुरोकार्बनच्या. फ्लुरोकार्बनची तार बारीक असूनही खणखणीत बोलते आणि सूर चांगला धरते. थोडे जास्त पैसे इथे जरूर मोजावेत. खालच्या तारांत रेशमासारख्या तंतूंवर चांदीचा मुलामा दिलेली तांब्याची तार गुंडाळलेली असते. घामाने आधी त्याच काळवंडतात नि मंद होतात. म्हणून वाजवून झाल्यावर कोरड्या सुती फडक्याने पुसाव्यात, आणि बदलताना जोडीतल्या दोन्ही बदलाव्यात.

नवव्या शतकातल्या अल-किंदीने खालच्या तारा आतड्याच्या, वरच्या रेशमाच्या सांगितल्या आहेत. अंदलुसियातला झिरयाब तर सिंहाच्या छाव्याच्या आतड्याची तात लावी, अशी दंतकथा. खरे-खोटे तोच जाणे!

एकच तार वारंवार तुटत असेल, तर दोष तारेला देण्याआधी हाडी पट्टीची खाच बोटाने तपासा. तिची कड धारदार झालेली असते. पोलादी तारा मात्र कधीही लावू नका. पातळ तबकडीवर नुसती चिकटवलेली घोडी त्या ताणाने उखडते.