भाड्यातून हप्ता फिटतो? आधी हिशोब मांडा

लातूरच्या ट्यूशन एरियात किंवा नांदेडच्या भाग्यनगर, श्यामनगर भागात फ्लॅटची चौकशी केली की एक वाक्य हमखास ऐकू येतं: "घेऊन टाका साहेब, पोरं येतच राहणार, हप्ता भाड्यातूनच फिटतो." दलाल तर म्हणतोच, ज्यांनी जन्मात फ्लॅट घेतला नाही ते पाहुणेही म्हणतात. निवृत्तीचा किंवा शेत विकून आलेला पैसा या एका वाक्याच्या भरवशावर अडकवला जातो. म्हणून आधी त्याचाच समाचार.

गैरसमज: भाड्यातून हप्ता फिटतो.

वस्तुस्थिती: कागद-पेन घ्या. फ्लॅट 40 लाखांचा धरू. 8 लाख पदरचे, 32 लाख कर्ज. साडेआठ टक्के व्याज आणि 20 वर्षांची मुदत धरली तर हप्ता येतो सुमारे 27,770 रुपये. महापालिका हद्दीत मुद्रांक शुल्क आणि अधिभार मिळून 6 टक्के, म्हणजे 2 लाख 40 हजार (महिलेच्या नावावर घेतल्यास 1 टक्का सवलत). नोंदणी फी 30 हजार. किल्ली हाती येईपर्यंत 42 लाख 70 हजार झाले.

आता भाडं. महिना 11 हजार धरा. तुमच्या गल्लीत जास्त मिळत असेल तर तो आकडा घाला. पण बारा महिने धरू नका. मे महिन्यात 'नीट' परीक्षा झाली की पोरं गाद्या गुंडाळून गावी जातात आणि नवी बॅच येईपर्यंत खोली रिकामी. 11 महिन्यांचे 1 लाख 21 हजार. त्यातून मेंटेनन्स, घरपट्टी, रंगरंगोटी, नळ-मोटारीची दुरुस्ती यांचे 31 हजार वजा करा. उरले 90 हजार, म्हणजे महिन्याला साडेसात हजार. हप्ता 27,770. उरलेले वीस हजार दर महिन्याला तुमच्याच पगारातून जातात. याला हप्ता फिटणं म्हणायचं?

घातलेल्या पैशावर हा परतावा 2.1 टक्के पडतो. बँकेतली साधी मुदत ठेव याहून कितीतरी जास्त देते.

"पण किंमत वाढते की!" वाढते, पण किती? वरच्या हिशोबात भाडं वजा जाता नुसतं व्याज भरून निघायला सुरुवातीच्या वर्षांत फ्लॅटचा भाव दरवर्षी साधारण साडेचार टक्क्यांनी वाढायला हवा. इमारत दरवर्षी जुनी होते. भाव चढतो तो मुख्यतः जमिनीचा, आणि तिच्यात तुमचा वाटा लहानसा. शिवाय आपली दोन्ही शहरं चहूबाजूंनी मोकळ्या जमिनीकडे पसरत आहेत. तुम्ही विकायला काढाल तेव्हा गिऱ्हाइकासमोर कोरी करकरीत इमारतही असेल.

आणि पोरं येतच राहतील हे गृहीत धरू नका. मार्च 2020 मध्ये टाळेबंदी लागली, क्लास बंद झाले, खोल्या ओस पडल्या. बँकांनी हप्त्याला मुदत दिली, पण व्याज चढतच राहिलं.

इतर गैरसमज, थोडक्यात

*महारेरा नंबर म्हणजे सरकारची हमी.* नाही. ती फक्त नोंदणी आहे. ताब्याची तारीख, मंजूर नकाशे, दावे हे सगळं संकेतस्थळावर तुम्हालाच पाहायचं आहे. 500 चौरस मीटरपर्यंतचा, म्हणजे जेमतेम पाच गुंठ्यांचा प्लॉट किंवा 8 पर्यंत फ्लॅट असतील तर 2016 च्या रेरा कायद्यानुसार नोंदणी सक्तीची नाही. तिथे कागद जास्तच बारकाईने तपासा.

*बाँडवर नोटरी केली की घर आपलं.* मुळीच नाही. नोंदणीकृत दस्ताशिवाय मालकी येत नाही. मुखत्यारपत्रावरची विक्री मालकी देत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये सूरज लॅम्प खटल्यात स्पष्ट केलं आहे. रेरा नोंदणी असलेल्या प्रकल्पात नोंदणीकृत करारापूर्वी बिल्डर 10 टक्क्यांहून जास्त रक्कम घेऊ शकत नाही.

*हजार फुटांचा फ्लॅट म्हणजे हजार फूट जागा.* कायद्याला माप कार्पेटचंच मान्य आहे. जिना आणि लॉबी त्यात येत नाहीत.

*बँकेने कर्ज दिलं म्हणजे कागद स्वच्छ.* बँक स्वतःची वसुली पाहते. आपल्या वकिलाकडून 30 वर्षांचा सर्च आणि भोगवटा प्रमाणपत्र स्वतंत्रपणे तपासून घ्या.

*किल्लारीच्या भूकंपानंतर लातुरात मजले नकोतच.* 30 सप्टेंबर 1993 ला बहुतांश बळी दगड-मातीच्या घरांनी घेतले. मजले कमीच हवेत असं नाही, बांधकाम भूकंपरोधक हवं. खाली नुसत्या खांबांवरचं पार्किंग असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरचं प्रमाणपत्र मागा.

*बोअर आहे, पाण्याची काळजी नाही.* एप्रिल 2016 मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. उन्हाळ्यातलं टँकरचं बिल पाहा.

*गोदावरीचा नजारा म्हणजे भाव.* नांदेडला आधी पूररेषेचा नकाशा पाहा. निळी रेषा 25 वर्षांतल्या, तर लाल रेषा 100 वर्षांतल्या पुराची असते.

राहायला घर घेत असाल तर हिशोब वेगळा. तिथे डोक्यावरच्या छपरालाही किंमत आहे. पण गुंतवणूक म्हणून घेत असाल तर बयाणा देण्याआधी त्याच इमारतीतल्या दोन भाडेकरूंना भाडं विचारा, वरचा हिशोब स्वतःच्या आकड्यांनी मांडा आणि दर महिन्याची तूट पाच वर्षं सोसता येईल का ते पाहा. सोसवणार नसेल, तर तो फ्लॅट घेऊ नका.