शिवडीचा चिखल सपाट नाही

शिवडीच्या जेट्टीवर गर्दी होते ती रोहित पक्ष्यांसाठी. ओहोटीचं पाणी मागे हटतं, त्याच्यामागे गुलाबी थवा सरकतो आणि सगळ्या दुर्बिणी थव्यामागे. मी मात्र बराच वेळ दुर्बीण जेट्टीलगतच्या चिखलावरच रोखून असतो. भर उन्हात तो सारवलेल्या अंगणासारखा एकसंध दिसतो. ऊन तिरपं झालं की उंचवटे, खळगे, वाकडेतिकडे ओघळ दिसू लागतात. फरक असतो दोन-तीन बोटांचाच, पण कोणी कुठे राहायचं ते इथे त्यावरच ठरतं.

पाणी उतरलं की काही वेळात चिखलावर तपकिरी-सोनेरी झाक चढते. ते डायटम, डोळ्यांना एकेकटे न दिसणारे शैवाल. उजेडासाठी ते गाळातून वर सरकतात आणि भरतीआधी पुन्हा आत शिरतात. त्यांच्या बुळबुळीत स्रावाने गाळाचे कण धरून राहतात. नेदरलँड्समधल्या वेस्टर्सखेल्ड खाडीत याचा बारकाईने अभ्यास झाला आहे. उंचवट्यावर डायटम दाटतात, त्यामुळे गाळ टिकतो आणि उंचवटा वाढतो. पाणी खळग्यांत साचतं आणि तिथे डायटमची पकड कमी राहते. पुढे किडे-गोगलगायी तो थर चरू लागल्या की सगळी नक्षी विरून जाते. म्हणजे जमिनीचा आकार जीवांना घडवतो, तसे जीवही तिला आकार देतात.

जमिनीला आकार द्यायचं हे काम निवटी तर स्वतःच करते. ओल्या कातडीतूनही श्वास घेणारा हा मासा उघड्या चिखलावर डोकं डावी-उजवीकडे घुसळत डायटम खरवडतो. मागे नागमोडी खुणा उरतात. कुवेतच्या किनाऱ्यावर याच कुळातले निवटे आपल्या हद्दीभोवती चिखलाचे बांध घालतात. बांधाआड पाणी साचतं, पाण्यात डायटम वाढतात, आणि मासा आपलंच शेत चरतो.

त्यातून मुंबईच्या भरती-ओहोटीचं वेळापत्रकही ध्यानात घ्यायला हवं. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणात मोठी ओहोटी पडते सकाळी आणि संध्याकाळी. दुपारी पाणी भरलेलं. त्यामुळे अगदी खालचा चिखल उघडा पडतो तो उन्हं कोवळी असताना. भांगाच्या, म्हणजे लहान भरतीच्या, दिवसांत उलट: ओहोटी दुपारच्या सुमारास, आणि भरती कमी चढत असल्याने वरचा काठ नीट भिजतच नाही. तिथला उंचवटा सुकून भेगाळतो, पण हातभर अंतरावरच्या खळग्यात पाणी राहतं आणि बारीक खेकडे, गोगलगायी तिथेच गोळा होतात.

हिरव्या धाग्यांच्या शेवाळाला पकडायला टणक काहीतरी लागतं. सरकत्या गाळात ते मिळत नाही. म्हणून ते दिसतं अर्धवट रुतलेल्या विटेवर, शिंपल्यावर, जेट्टीच्या दगडावर. तेही बहुधा ओल टिकणाऱ्या बाजूला. छोटे रोहित चोच उलटी करून डायटम आणि निळे-हिरवे शैवाल गाळतात, तेव्हा थव्याची जागाही या उंचसखलपणाशी बांधलेली असते.

१२ जानेवारी २०२४ला उद्घाटन झालेला २१.८ किलोमीटरचा अटल सेतू शिवडीला याच चिखलावरून समुद्रात शिरतो. वाहत्या पाण्यात खांब उभा राहिला की प्रवाह त्याला वळसा घालतो, बुडाशी गाळ खरवडतो आणि आडोशाला टाकतो. अशा ठिकाणी चार बोटं गाळ चढणं किंवा उतरणं ही मोठी उलथापालथ असते. म्हणून रोहितांची मोजदाद होते तशी चिखलाच्या उंचीचीही व्हावी, असं मला फार मनापासून वाटतं. ठरलेल्या जागी खोल रोवलेल्या, खुणा केलेल्या काठ्यांवरही सुरुवात करता येईल. नोंद एकदा मे महिन्यात आणि एकदा ऑक्टोबरमध्ये घ्यावी, कारण मधल्या महिन्यांत उघड्या चिखलावर कोसळणाऱ्या सरी डायटमचा तो बुळबुळीत थर फोडून टाकतात. म्हणजे पावसाने किती बदललं आणि बाकी कशाने, हे निदान वेगळं काढता येईल.